बुद्ध गप्प बसायला सांगत नाही, हिशेब मागतो

थोडं लांब लिहितोय. सवडीनं वाचा, पण अर्धवट वाचून कमेंट करू नका.

बुद्धपौर्णिमेला आपल्या कवठे महांकाळच्या स्टँडजवळ एक मोठं डिजिटल लागलं होतं. वर डोळे मिटलेला बुद्ध, खाली 'मन शांत ठेवा, सगळं ठीक होईल' अशा अर्थाचं एक वाक्य आणि त्याखाली शुभेच्छुकांचे वीस-बावीस हसरे चेहरे. असलं काही बुद्ध कुणाला म्हणाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. पण ते सोडा. मला त्रास दुसऱ्याच गोष्टीचा झाला. त्या हसऱ्या चेहऱ्यांपैकी एकाच्या शेडवर आमच्या वस्तीतल्या एका बाईची सहा दिवसांची हजेरी अडकलीय.

बाई पन्नाशीच्या पुढची. सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणतो. उन्हाळ्यात बेदाणा निवडायला जाते. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली, गंधकाच्या वासात बसून दिवसभर काड्या आणि काळे मणी बाजूला काढायचे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनाच कंबर आणि डोळे म्हणजे काय ते कळतं. एका दुपारी आक्का चक्कर येऊन पडल्या. मुकादमानं मोटरसायकलवरून दवाखान्यात सोडलं. सलाईन लागलं, बिल पोरानं भरलं. चार दिवस अंथरुणात गेले. पाचव्या दिवशी आधी केलेल्या कामाचे पैसे मागायला गेल्या, तर मालक म्हणाले, "मुकादमाला दिलेत." मुकादम म्हणाला, "तुमची उचल होती की, त्यात वळते झाले." उचल घेतली होती पोराच्या लग्नात. ती किती फिटली, किती राहिली, याची वही कुणाकडंच नाही. म्हणजे आहे, पण मुकादमाच्या डोक्यात.

आता पुढचं नीट वाचा. हा मुकादम परका नाही. आमच्याच वस्तीतला आहे. विहारात वंदनेला पहिल्या ओळीत बसतो. त्याचा आवाज चांगला आहे, पाली उच्चार स्वच्छ आहेत. पंचशील तोच सांगतो आणि आम्ही मागून म्हणतो.

पौर्णिमेच्या आदल्या रविवारी आक्कांनी विहारात सगळ्यांसमोर विषय काढला. क्षणभर शांतता. मग आमच्यातले एक ज्येष्ठ हात जोडून म्हणाले, "जाऊ दे आक्का. भगवंतानं आपल्याला शांती शिकवलीय. बुद्धाच्या दारात पैशाची भांडणं नकोत."

आक्का गप्प बसल्या. मुकादम खाली बघत होता. आणि मीही गप्प बसलो.

माझ्या गप्प बसण्याचं कारण आधी सांगतो, म्हणजे पुढं दुसऱ्याला बोलण्याचा मला अधिकार राहील. पत्रकारितेचा डिप्लोमा करून वीस वर्षं झाली, तालुक्याच्या बातम्या देतो. त्या बागायतदाराच्या दिवाळीच्या आणि वाढदिवसाच्या जाहिराती माझ्याकडून जातात. त्यावर मला कमिशन मिळतं. पोरीची क्लासची फी त्यातूनच गेलीय. चार ओळींची बातमी होती, ती मी केली नाही. स्वतःला सांगितलं, की एवढ्याशा गोष्टीची कसली बातमी.

तर आता मूळ मुद्दा. बुद्धाच्या नावावर 'शांत राहा' हे वाक्य आपल्याकडं कुणाला ऐकवलं जातं, याचा कधी विचार केलाय? पैसे बुडवणाऱ्याला कुणी ऐकवत नाही, ते बुडालेल्याच्याच वाट्याला येतं. जून २०२३ मध्ये शेजारच्या मिरज तालुक्यात बेडगला बाबासाहेबांच्या नावाची कमान ग्रामपंचायतीनं पाडली. पुढं तिथली कुटुंबं गाव सोडून संसार घेऊन मुंबईच्या दिशेनं चालत निघाली. तेव्हा मी चहाच्या गाड्यावर शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, "बुद्धाला मानतात ना, मग शांततेनं घ्यायला काय होतंय?" बाप्पा, चालत जाण्याइतकं शांत दुसरं काय असतं?

शांतीचा अर्थ गप्प बसणं असा असता, तर बुद्ध घराबाहेर पडलाच नसता. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची गोष्ट वेगळी सांगितलीय. म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस बघून एकोणतिसाव्या वर्षी त्यानं घर सोडलं, ही गोष्ट त्यांना पटत नव्हती. तोवर त्यानं हे काहीच पाहिलं नसेल, हे कसं मानायचं? त्यांच्या मांडणीत भांडण आहे रोहिणी नदीच्या पाण्याचं. एका बाजूला शाक्य, दुसऱ्या बाजूला कोलीय. आधी पाणी कुणी घ्यायचं यावरून दोन्हीकडच्या गड्यांची मारामारी झाली आणि शाक्यांच्या संघानं युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ भर सभेत उभा राहिला आणि विरोधात बोलला. म्हणाला, आधी चौकशी करा. दोन माणसं आपली, दोन त्यांची, आणि चौघांनी मिळून पाचवा निवडावा. ठरावावर तो हरला. संघानं धमकी दिली, की ऐकलं नाहीस तर घरच्यांवर बहिष्कार टाकू आणि त्यांच्या जमिनी जप्त करू. तेव्हा घरच्यांना त्रास नको म्हणून तो स्वतः देशाबाहेर गेला.

म्हैसाळ योजनेच्या पाण्यावर जगणाऱ्या तालुक्याला ही गोष्ट समजावून सांगायची गरज आहे का? कृष्णेचं पाणी म्हैसाळला उचलायचं, टप्प्याटप्प्यानं पंप करून वर आणायचं, वीजबिल थकलं की पंप बंद, आवर्तन सुटलं की वरच्याचं शिवार भिजतं आणि टेलचा माणूस रात्री बॅटरी घेऊन कॅनॉलवर बसतो. चौकशी, पंचायत, बहिष्कार, जमीन हे सगळे शब्द आपल्या रोजच्या वापरातले आहेत. बुद्धाची सुरुवातच पाण्याच्या वाटणीतून आणि सभेत उभं राहून बोलण्यातून होते. डिजिटलवरच्या मिटल्या डोळ्यांमागं हा माणूस झाकून टाकलाय.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण मजुरी आणि उचल यात धम्म कुठं आला?

दीघनिकायात सिगालाची गोष्ट आहे. राजगृहात राहणारा सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी अंघोळ करून ओल्या कपड्यानं सहा दिशांना हात जोडायचा. चार बाजू, एक वर, एक खाली. बुद्धानं विचारलं, हे काय करतोस? तो म्हणाला, वडील मरताना सांगून गेलेत म्हणून करतो. बुद्धानं त्याची चेष्टा केली नाही. दिशांचा अर्थ तेवढा बदलला. पूर्व म्हणजे आईवडील. दक्षिण म्हणजे गुरू. पश्चिम म्हणजे बायको. उत्तर म्हणजे मित्र आणि सोबती. वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. आणि खालची दिशा म्हणजे आपल्याकडं काम करणारी माणसं. दिशांना नमस्कार करायचा म्हणजे या माणसांशी नीट वागायचं. प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंची कर्तव्यं त्यानं मोजून सांगितली. फक्त एकाच बाजूला कर्तव्य आणि दुसरीला नुसता हक्क, असं एकही नातं त्यात नाही.

खालच्या दिशेसाठी मालकानं काय करायचं? ताकद बघून काम द्यायचं. जेवण आणि पगार द्यायचा. आजारी पडला तर बघायचं. गोडधोड असेल तर त्यातलं द्यायचं. वेळच्या वेळी सुट्टी द्यायची. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी घेऊन एप्रिलमध्ये आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही शेडवर जा आणि किती खुणा करता येतात ते बघा. कामगारानंही करायच्या गोष्टी आहेत. काम चांगलं करायचं, दिलेलंच घ्यायचं, मालकाची बदनामी करत फिरायचं नाही. आक्कांनी त्यातली एकही मोडलेली नाही. आजही त्या मालकाचं नाव घेत नाहीत.

बाबासाहेबांना हा भाग एवढा महत्त्वाचा वाटला, की आपल्या ग्रंथात गृहस्थांच्या विनयाचं प्रकरण त्यांनी वेगळं केलं आणि त्यात मालक आणि नोकर यांच्यावर स्वतंत्र लिहिलं. आपण वर्षावासात ग्रंथाचं वाचन करतो. ते पान येतं, आपण वाचतो, साधू साधू म्हणतो आणि पुढं जातो.

पंचशीलातलं दुसरं शील काय आहे? चोरी करणार नाही, असं आपण पोरांना सांगतो. पण 'अदिन्नादाना' या शब्दाचा सरळ अर्थ आहे, जे दिलेलं नाही ते घेणं. आक्कांनी सहा दिवसांचे कष्ट फुकट दिले नव्हते. ते कुणीतरी घेतले. मालकानं घेतले की मुकादमानं, ते वही उघडल्यावर कळेल. पण पहिल्या ओळीत बसून ते शील सांगणाऱ्याला आणि मागून म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्या रविवारी हा शब्द आठवला नाही. त्या दिवशी विहारात विषय काढणं हेच खरं वंदनेचं काम होतं, आणि ते वंदना न सांगणाऱ्या बाईनं केलं.

बागायतदार मित्रांनो, तुमची बाजूही मला माहीत आहे. तुमच्या बांधावर बसूनच मी बातम्या लिहिल्यात. अवकाळी पाऊस एका रात्रीत माल फोडतो, बेदाण्याचा दर सौद्यात कधी बसेल सांगता येत नाही, औषधांचं बिल आणि सोसायटीचं कर्ज थांबत नाही, आणि द्राक्ष घेऊन गेलेला दलाल फोन बंद करून बसतो. तुमचेही पैसे बुडतात. बुडाल्यावर तुम्ही पोलीस ठाण्यात जाता, आम्हाला फोन करता, आम्ही पहिल्या पानावर बातमी लावतो. तेव्हा तुम्हाला कुणी सांगतं का, की जाऊ द्या, बुद्धानं शांती शिकवलीय? हाच न्याय खाली एक पायरी उतरू द्या, एवढंच म्हणणं आहे.

आणि सरकारलाही त्यात सूट नाही. कूटदंत सुत्तात राज्यात चोऱ्या वाढल्यावर राजाला सल्ला दिलाय, की दंड आणि फाशीनं हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बियाणं आणि चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला पगार आणि जेवण दे. चारा छावणीत जनावरांबरोबर महिने काढलेल्या तालुक्याला हे कुठल्या परक्या देशाचं तत्त्वज्ञान वाटायचं कारण नाही.

आता घरात येतो. इथं आमच्या लोकांना जास्त लागेल, आणि लागावं.

पश्चिम दिशा म्हणजे बायको. नवऱ्याच्या पाच कर्तव्यांत एक आहे, घरातला अधिकार तिच्या हाती देणं. पगाराचं पाकीट दाखवणं वेगळं आणि अधिकार देणं वेगळं. आपल्याकडं बाई सरपंच निवडून येते आणि खुर्चीवर नवरा बसतो. मी कितीतरी ग्रामपंचायतीत पाहिलंय, सहीपुरतं रजिस्टर घरी जातं. त्यात आमच्या समाजाच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या बायकाही आहेत. भाषणात आपण हिंदू कोड बिलाचा अभिमान सांगतो. त्यासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. आपल्याला खुर्ची सोडवत नाही.

दारूचं काय? पाचवं शील तेच, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत पुन्हा तेच. सिगालाला बुद्धानं पैसा नासण्याच्या सहा वाटा सांगितल्या. नशा, अवेळी भटकणं, तमाशे-जलशांच्या मागं लागणं, जुगार, वाईट संगत आणि आळस. जुगार आता पत्त्यांचा राहिला नाही, तो पोरांच्या मोबाईलमध्ये आलाय. पण वाट तीच. जयंतीची वर्गणी जमवताना जो पोरगा सगळ्यात पुढं असतो, त्याची आई आठवड्याला मायक्रोफायनान्सचा हप्ता भरायला शेजारणीकडून पाचशे रुपये उसने घेते. हे मी माझ्या वस्तीतलं सांगतोय.

याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितलेत. एक भाग खाण्यापिण्याला आणि संसाराला. दोन भाग धंद्यात किंवा शेतात परत. चौथा भाग अडचणीसाठी बाजूला. हजेरीवर जगणाऱ्याला हे गणित तंतोतंत जमणार नाही, मान्य. पण चौथा भाग जाऊ द्या, आपण पाचवा भाग कर्ज काढून निर्माण करतो आणि तो लग्नात घालतो. अनाथपिंडिकाला बुद्धानं गृहस्थाची चार सुखं सांगितली. पैसा असण्याचं, तो वापरण्याचं, कर्ज नसण्याचं आणि हातून वाईट न झाल्याचं. कर्ज नसणं हे सुख आहे असं धर्म सांगणारा माणूस स्वतः सांगतो, हे मला फार मोठं वाटतं. आक्कांच्या पोराचं लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. पांढरी साडी, वंदना, दोन्ही फोटोंना हार, सगळं रीतसर. पण मंडप, घोडा, साउंड आणि दोन हजार पानं उचलीवर. त्याच उचलीच्या दोरीनं आज त्यांची हजेरी बांधलीय. मुहूर्त सोडला, भटजी सोडला, कर्ज तेवढं तसंच ठेवलं. साध्या लग्नाचा ठराव आमच्याच विहारात झाला होता, त्यावर माझीही सही होती. मीच त्या लग्नात पंगतीत वाढायला उभा होतो.

काही मित्र म्हणतील, तू ध्यानाच्या विरोधात आहेस. अजिबात नाही. इगतपुरीला दहा दिवस बसून आलेले माझ्या ओळखीत आहेत, त्यातल्या काहींची दारू खरंच सुटली. मन बघायला शिकणं चांगलंच. पण अष्टांगिक मार्गाला आठ अंगं आहेत. त्यात समाधीबरोबर सम्यक वाचा आहे, सम्यक कर्मांत आहे, आणि सम्यक आजीविका म्हणजे पोट भरायचा नीट मार्ग आहे. शेडवरून घरी येऊन अर्धा तास श्वास बघायचा आणि सकाळी उठून दुसऱ्याची हजेरी दाबायची, तर नेमकं काय बघितलं?

सम्यक वाचेवरून माझी दुसरी चूक सांगतो. जून २०२२. ज्या म्हैसाळमधून आपलं पाणी येतं, तिथं दोन घरांत एकाच कुटुंबातली नऊ माणसं मेलेली सापडली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी लिहिलं, सावकारी कर्जाला कंटाळून सामूहिक आत्महत्या. मीही लिहिलं, तितक्याच खात्रीनं. आठवड्याभरात पोलिसांनी सांगितलं, की ही आत्महत्या नसून विष घालून केलेली हत्या आहे, आणि गुप्तधनाच्या नादातून मांत्रिकापर्यंत धागा जातोय. मेलेल्या माणसांविषयी चुकीचं लिहून मी मोकळा झालो होतो. बुद्धानं कालामांना सांगितलं होतं, की ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. स्वतः तपासा, त्यानं कुणाचं भलं होतंय की वाईट, ते बघा. गुप्तधनामागं लागणाऱ्यांना हे जेवढं लागू आहे, तेवढंच पोलिसांच्या पहिल्या माहितीवर बातमी सोडणाऱ्या माझ्यासारख्यालाही. आणि जे आलं ते न वाचता ग्रुपवर पुढं ढकलणाऱ्या प्रत्येकालाही.

मग करायचं काय? मला मोठी योजना सुचत नाही. एक छोटी सुचते.

रविवारी वंदना झाली की अर्धा तास वह्या उघडा. प्रत्येक मुकादमानं, तो आपला असो की परका, हजेरीची आणि उचलीची वही विहारात दाखवावी. ज्यांना वाचता येतं अशा पोरींनी ती मोठ्यानं वाचावी. आपल्या कॉलेजच्या पोरींना एवढं काम देऊन बघा. बायकांकडं स्वतःची छोटी वही असावी, त्यात दिवस आणि आकडा. वाद असेल तर रोहिणीकाठचाच नियम लावा. दोन माणसं मालकाची, दोन मजुरांची, पाचवा दोघांना मान्य असलेला. याला सरकारी परवानगी लागत नाही, वर्गणी लागत नाही आणि साउंड तर मुळीच लागत नाही. बागायतदारांपैकी एकानं जरी स्वतःहून येऊन आपली वही टेबलावर ठेवली, तर त्याचा फोटो मी फुकट छापेन. शुभेच्छुक म्हणून नाही, बातमी म्हणून.

काही जण विचारतील, नावं का नाही लिहिलीस, घाबरलास का? परवा आक्कांच्या घरी गेलो. म्हणलं, आक्का, आता लिहितो, सगळं लिहितो. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, लिहा. पण नाव घालू नका. पुढच्या उन्हाळ्यात परत त्याच शेडवर जायचंय मला. दुसरीकडं कोण घेतंय?"

म्हणून नावं नाहीत. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. मुकादम भावा, तू ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. तुझ्यावर राग नाही. तुझी उचल वरून कुणीतरी दाबली असेल, तेही वहीत येऊ दे. येत्या रविवारी नेहमीसारखा पहिल्या ओळीत बस, पंचशील तूच सांग. फक्त येताना ती वही घेऊन ये. आक्काही येणार आहेत. मी त्यांच्या शेजारी बसणार आहे, आणि या वेळी गप्प बसणार नाही.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर मुद्द्यावर भांडा, मी इथंच आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.